न पिण्याचे पाणी

मराठीत नदीला माहात्म्य आहे, खाडीला नाही. गोदावरी, कृष्णा, भीमा यांच्या काठी तीर्थे वसली, घाट बांधले गेले, त्यांच्यावर ओव्या आणि आरत्या रचल्या गेल्या. सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांच्या वाट्याला हे भाग्य फारसे आले नाही. त्या आखूड आहेत, उतारावरून धावत येतात आणि समुद्राला मिळण्याच्या कितीतरी आधीच खाऱ्या होतात. जिथे त्या खाऱ्या होतात तिथून पुढे त्यांना नदी म्हणणेही आपण सोडून देतो. चिपळूणपर्यंत वाशिष्ठी, त्यापुढे दाभोळची खाडी. पात्र तेच असते, प्रवाह तोच असतो. नाव तेवढे बदलते आणि नावाबरोबर त्या पाण्याकडे पाहण्याची आपली वृत्तीही बदलते.

आम्ही मराठी शिकवणारे. आमच्या हाती शब्द आहेत, जाळे नाही. त्यामुळे खाडीकाठच्या मच्छीमारांविषयी लिहिताना शब्दांपासूनच आरंभ करणे आम्हाला भाग आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जे पाणी पिता येत नाही ते कोणाचेच नाही, असा एक समज आपल्या साहित्यात, कायद्यात आणि कारभारात खोलवर रुजलेला आहे. दाभोळ खाडीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या भोई समाजाने या समजाची किंमत मोजली आहे. ती किंमत नेमकी कशी ठरली आणि ती ठरवताना भोयांना विचारले का गेले नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या पाण्याविषयी. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि चिपळूणवरून खाली येते. खेडकडून येणारी जगबुडी तिला वाटेत मिळते आणि दाभोळपाशी हा सारा जलसंभार अरबी समुद्रात शिरतो. एका गोष्टीत मात्र ही नदी कोकणातल्या तिच्या बहुतेक बहिणींहून वेगळी आहे. १९६०च्या दशकात कोयना प्रकल्प सुरू झाला आणि मुळात पूर्वेकडे, कृष्णेकडे जाणारे कोयनेचे पाणी वीज निर्माण करून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडले जाऊ लागले. उन्हाळ्यात जिथे बहुतेक कोकणी नद्या गोट्यांपुरत्या उरतात, तिथे वाशिष्ठीत गोडे पाणी वाहत राहते. म्हणजे या खाडीचा खारेपणा पाऊस आणि चंद्र या दोघांबरोबर घाटमाथ्याच्या पलीकडच्या धरणावरही अवलंबून आहे. महाराष्ट्रातल्या घराघरांत दिवे लागण्याचा आणि खाडीत मासा कुठवर चढण्याचा असा संबंध असतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते.

या पाण्याच्या दोन्ही कडांना तिवरांची आणि कांदळांची झाडी आहे. चिप्पी आहे, काटेरी पानांची मारंडी आहे. आपण या सर्वांना मिळून खारफुटी म्हणतो, सरकारी भाषेत कांदळवन. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिवराची मुळे जमिनीतून उलटी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. या मुळांच्या दाटीत पाने गळतात, कुजतात, आणि त्या कुजण्यावर सूक्ष्म जीवांची एक पंगत बसते. कोळंबी अंडी घालते समुद्रात. पण तिची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, तिवरांच्या आश्रयाने वाढतात आणि मग पुन्हा समुद्राकडे वळतात. बोय, तांबोशी, शेंगाळा, काळुंदर यांचेही लहानपण थोड्याफार फरकाने याच चिखलात जाते. माहेरी बाळंतपणाला यावे तशी ही येजा आहे. खोल समुद्रातल्या यांत्रिक नौकेच्या जाळ्यात सापडणाऱ्या कोळंबीचे देणेही या खाजणाकडे निघते, हे लक्षात घेतले म्हणजे खाडीचा प्रश्न केवळ खाडीकाठच्या काही वाड्यांचा उरत नाही.

भोयांचे ज्ञान या येजेचे ज्ञान आहे. कोकणातील खलाशी आणि मच्छीमार तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या तासाच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित अधिक मागे पडतो, हे त्यामागचे शास्त्र. पण ही झाली मुखाजवळची वेळ. पाणी आत चढता चढता उशीर होत जातो आणि प्रत्येक गावाला आपापला फरक त्यात मिळवावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत पाण्याचा जोर निराळा, म्हणून लावायचे जाळेही निराळे. पाग कुठे फेकायचा, ओहोटीच्या तोंडाला खुंटांवर जाळे कुठे ताणायचे, कोणत्या वळणावर मासा थबकतो, पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी आले की कोणता मासा खाली सरकतो, हे सारे याच हिशोबात बसते. पाणी ओसरले की बायका चिखलात आणि खडकांवर उतरतात, कालवे फोडतात, तिसऱ्या वेचतात. त्यांचे घड्याळही तिथीचेच असते. एकादशीला उपास कोणाचा असेल तो असो, खाडीला त्या दिवशी भरती कधी आहे हे काठावरच्या बाईला आधी माहीत असते.

या नात्याला ‘निसर्गाशी जवळीक’ म्हणण्याचा मोह आम्ही टाळू इच्छितो. या शब्दांत एक गोडवा आहे आणि तो गोडवाच घातक आहे. शेतकऱ्याचे त्याच्या शेताशी जे नाते असते त्याला आपण जवळीक म्हणत नाही. आपण त्याला मालकी, वहिवाट, कसवणूक म्हणतो, आणि तसे म्हणतो म्हणून सातबारावर त्याचे नाव लागते. भोयाचे खाडीशी असलेले नाते तितकेच जुने, तितकेच कष्टाचे आणि तितकेच हिशोबी आहे. पण पाण्याचा सातबारा नसतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला कवित्व येते आणि हक्क येत नाही.

या समाजाच्या नावाचेच पाहा. ‘भोई’ हा शब्द मराठी वाचकाला पालखीवरून ठाऊक आहे. पालखी वाहणारे खांदे ही या समाजाची एक परंपरागत ओळख आणि मासेमारी ही दुसरी. आपल्या लिखित भाषेने पहिली तेवढी उचलली. ‘भोई’ म्हटले की आपल्याला दुसऱ्याला वाहून नेणारा माणूस दिसतो. स्वतःच्या होडीत स्वतःसाठी वल्हे मारणारा दिसत नाही. शासनाच्या यादीत हा समाज भटक्या जमातींत मोडतो. ज्यांचे सारे शहाणपण एका खाडीच्या वळणावळणाशी बांधलेले आहे, त्यांना शासनदप्तरी भटके म्हणावे, हा योगायोग असेल. पण बोलका आहे.

आता साहित्याकडे येऊ. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही द्विखंडात्मक कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची ती कथा. प्रादेशिक कादंबरी शिकवताना आम्ही तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो आणि दर वेळी तिच्या आवाक्याने दबून जातो. पेंडशांनी जगबुडीला मराठी वाचकाच्या मनात जागा दिली, याबद्दल आपण सर्वच त्यांचे ऋणी आहोत. तरीही एक साधी गोष्ट नोंदवावीशी वाटते. कादंबरीच्या नावातच खोत आहेत. खोत म्हणजे जमीन, वसुली, वाडा. नदी या कादंबरीत काठावरून पाहिलेली आहे. हा पेंडशांचा दोष मुळीच नव्हे. लेखक ज्या अंगणात वाढतो तिथूनच त्याला नदी दिसते. प्रश्न आमच्यासारख्या वाचकांचा आहे. काठावरून दिसलेली नदी हीच पूर्ण नदी, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत राहिलो तर विद्यार्थ्याला पाण्यातून दिसणारा काठ कधी कळणारच नाही.

बंगालीत तो दिसला. अद्वैत मल्लवर्मण हे मालो या मच्छीमार समाजात जन्मले, तितास नदीच्या काठी, आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडिया परिसरात. १९५१ साली त्यांचा अकाली मृत्यू झाला आणि ‘तितास एकटि नदीर नाम’ ही त्यांची कादंबरी १९५६ मध्ये, मरणोत्तर, पुस्तकरूपाने आली. ऋत्विक घटकांनी १९७३ साली तिच्यावर चित्रपट केला. तितास ही काही कांदळांची नदी नव्हे. पण नदी आटत गेली, पात्रात चर वर आले, तशी मालोंची वस्ती कशी विस्कटली हे तिथे आतल्या माणसाने सांगितले आहे. मराठीला असे सांगणे अवघड आहे असेही नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली, म्हणजे ‘तुंबाडचे खोत’ ज्या वर्षी आली त्याच वर्षी. भटक्या-विमुक्तांच्या या लेखनाने आमच्या भाषेचे अंगण मोठे केले. खाडीकाठच्या भोयाचे तसे पुस्तक आमच्या अभ्यासक्रमाच्या वाट्याला मात्र आजवर आलेले नाही. त्याची उणीव केवळ वाङ्मयीन नाही, हे पुढच्या हकिगतीवरून स्पष्ट होईल.

खेड आणि चिपळूण यांच्यामधल्या सड्यावर, मुंबई-गोवा महामार्गालगत, लोटे परशुराम औद्योगिक वसाहत आहे. १९८०च्या दशकापासून वाढत गेलेल्या या वसाहतीत मुख्यतः रासायनिक कारखाने आले. सड्यावरचे पाणी खालीच जाणार. आणि खाली आहे दाभोळची खाडी. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि प्रक्रियेनंतरचे पाणी खाडीत सोडण्याची व्यवस्था झाली. कागदावर ही योजना तर्कशुद्ध दिसते. खाडीचे पाणी कोणी पीत नाही, त्यावर शेत भिजत नाही, दिवसातून दोनदा समुद्र ते ढवळतो. मग सांडपाणी सोडायला याहून सोयीची जागा कोणती? नदीत सोडले असते तर खालच्या गावांनी तहानेचा प्रश्न उभा केला असता. खाडीला तहान नव्हती, भूक होती. पण भूक मोजण्याचे परिमाण त्या कागदावर नव्हते.

पुढे काय झाले त्याची नोंद पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या अहवालात आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील या गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला आणि मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. गटाने लोट्याला भेट दिली होती; प्रक्रिया केंद्र पुरेसे काम करीत नसल्याचे आणि खाडीतल्या मासळीवर त्याचे परिणाम झाल्याचे त्यांनी नोंदवले. गाडगीळांनी मांडलेला एक हिशोब तेव्हापासून वारंवार उद्धृत होतो : लोट्याच्या कारखान्यांनी सुमारे ११ हजार माणसांना काम दिले आणि खाडीच्या प्रदूषणाने सुमारे २० हजार मच्छीमारांचे काम गेले. या आकड्यांवर वाद घालता येईल. ते थोडे इकडे-तिकडेही होतील. आम्हाला त्यांतले वजाबाकीचे उत्तर तितके महत्त्वाचे वाटत नाही जितका त्यांतला फरक. पहिला आकडा हजेरीपटावर असतो. दुसऱ्याला हजेरीपट नाही. कारखाना बंद पडला तर बातमी होते, कामगारांची देणी निघतात, संघटना न्यायालयात जातात. खाडीतला मासा कमी झाला तर भोई सकाळी होडी काढतो, रिकामा परत येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, आणि एक दिवस जात नाही. त्या दिवसाची नोंद कोठेही होत नाही.

त्याच अहवालातली आणखी एक नोंद आम्हाला अधिक अस्वस्थ करते. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली तब्बल १९१ दिवस जमावबंदी होती. प्रदूषणाविरुद्धचे लोकांचे रास्त निषेधही त्यातून दडपले गेले, असे गटाचे म्हणणे. ज्यांच्या नात्याला दप्तरात जागा नाही त्यांना रस्त्यावर तरी जागा हवी. सव्वादोन वर्षांहून कमी काळात १९१ दिवस तीही नाकारली गेली.

इथे कोणी विचारील की कांदळवनांच्या रक्षणासाठी तर महाराष्ट्राने बरेच केले आहे. केले आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली. २०१२ साली वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात महाराष्ट्रातले कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. दशकाचा कल वाढीचा आहे.

पण हे आकडे झाडांचे आहेत, आणि वरून घेतलेले आहेत. तिवर हे चिवट झाड आहे. खारे पाणी, गाळ, काही प्रमाणात दूषित पाणीही ते सोसते. गाळ साचून चिखलाची नवी जमीन वर आली की तिथेही पाय रोवते. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो. त्या हिरव्याखालच्या मुळांत कोळंबीची पिल्ले आहेत की नाहीत, हे उपग्रहाला दिसत नाही. ते ज्याला दिसते तो पाग घेऊन चिखलात उभा असतो. झाडांची वही एका खात्याकडे, सांडपाण्याची दुसऱ्याकडे, मासळीची तिसऱ्याकडे. भोयाकडे या तिन्ही वह्या एकत्र असतात, पण त्याच्या वहीला कोणी वही म्हणत नाही. झाड वाचले आणि पाणी मेले, अशीही एक खाडी असू शकते. ती नकाशावर निरोगी दिसेल.

कायद्याला खाडी दिसतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने समुद्राचा अंमल नदीत कुठवर चालतो याची व्याख्या केली : वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात जिथवर पाण्यात हजार भागांमागे पाच भाग क्षार सापडतील तिथवर. वाशिष्ठीसारख्या नदीत, जिथे भर उन्हाळ्यातही वीजगृहांचे गोडे पाणी येत राहते, तिथे ही रेषा त्या पाण्याबरोबर सरकणार हे उघड आहे. तरी रेषा आहे. त्याच अधिसूचनेने मच्छीमारांच्या वस्त्या आणि त्यांच्या सामाईक वापराच्या जागा नकाशांवर दाखवण्यास सांगितले होते. पर्यावरण नियमांनी किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. पहिल्यात मिठागरे आणि शिंपल्यांची पैदास येते, दुसऱ्यात स्नान आणि व्यावसायिक मासेमारी. पाचव्यात नौकानयन आणि नियंत्रित सांडपाणी. म्हणजे मासेमारीचे पाणी आणि सांडपाण्याचे पाणी यांत फरक करणारे शब्द कायद्यात आहेत. प्रश्न एवढाच की एखाद्या खाडीचा कोणता तुकडा कोणत्या वर्गातला, हे ठरवताना कोणाला विचारले जाते.

कोकणाच्याच उत्तर टोकाला या प्रश्नाची दोन उत्तरे मिळाली आहेत. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा उरण भागातल्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये मोठा लढा दिला. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. त्या हिशोबाला जमिनीचा आधार होता. त्याच परिसरात बंदराच्या भरावाने आणि इतर कामांनी मासेमारीचे पाणीही गेले होते; त्याचा हिशोब व्हायला फेब्रुवारी २०१५ उजाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या मच्छीमारांचा परंपरागत हक्क मानला आणि भरपाईचा विचार करण्यास शासनाला भाग पाडले. पाण्यावरही वहिवाट असू शकते, हे तत्त्व या दोन निकालांनी उच्चारले. आमच्या दृष्टीने त्यांचे मोल रकमेहून या उच्चारात आहे. रक्कम पाहिली तर १६३० कुटुंबांत ती सरासरी ५ लाख ८४ हजार पडते. पिढ्यांच्या वहिवाटीची ही किंमत थोडी की बरी, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. पण भरपाई नेहमी पाणी गेल्यानंतर येते. दाभोळची खाडी अजून गेलेली नाही. तिथे भरपाईच्या आधीचा प्रश्न अजून विचारता येतो.

आमच्या या मांडणीवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की मच्छीमारही निर्दोष नाहीत. बारीक आसाची जाळी लावून पिल्लांसकट उपसा होतो, जळणासाठी तिवर तुटतात, काही ठिकाणी पाण्यात विषारी द्रव्ये टाकून मासे मारण्याचे प्रकार होतात. होय, होतात. पण ज्याचा हक्क मान्य नसतो त्याला उद्याची राखण करण्याचे कारणही नसते. शेताचा बांध शेतकरी राखतो, कारण पुढच्या वर्षी ते शेत त्याचेच असणार याची त्याला खात्री असते. खाडीत उद्या काय सोडले जाईल हे ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे सोपे आणि अन्यायाचे आहे. दुसरा आक्षेप असा की खाडीकाठच्या मुलांनाच आता जाळे नको आहे. त्यांना कारखान्यातली, मुंबईतली नोकरी हवी आहे, आणि शिकलेल्या प्राध्यापकांनी त्यांना चिखलात उभे राहण्याचा उपदेश करू नये. हा आक्षेप आम्ही नम्रपणे स्वीकारतो. कोणी भोयाच्या मुलाने भोईच व्हावे असे आमचे म्हणणे नाही. असे म्हणणाऱ्यांनी या देशात पूर्वी पुष्कळ नुकसान केले आहे. पण धंदा सोडणे आणि धंदा सुटणे यांत अंतर आहे. जो मुलगा खाडी भरलेली असताना नोकरीला जातो त्याने निवड केली. खाडी रिकामी झाली म्हणून जो जातो, त्याची निवड दुसऱ्यानेच केलेली असते, आणि ती करणाऱ्याचे नाव कोठेही लिहिलेले नसते.

मग करावे काय? आमच्या हाती धोरण नाही, तरी एक मागणी आम्हाला अगदी साधी आणि निकडीची वाटते. खाडीत मासे मरून तरंगू लागले की पहिला प्रश्न पुराव्याचा येतो, आणि खाडीत पुरावा टिकत नाही. पाण्याचा नमुना घेणारा माणूस पोहोचेपर्यंत एक-दोन ओहोट्या होऊन गेल्या तर कुपीत समुद्र भरतो, गुन्हा भरत नाही. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना कसा घ्यावा याची रीतसर पद्धत सांगितली आहे. ज्याच्या जागेतून ते पाणी येते त्याला सूचना द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, ते मोहोरबंद करायचे. कारखानदारावर अन्याय होऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी योग्यच आहे. पण ते पाणी ज्याच्या जाळ्यात जाते त्याची हजेरी या पद्धतीत कोठेही आवश्यक नाही. आमचे म्हणणे असे की ती असावी. खाडीकाठच्या प्रत्येक गावातल्या मच्छीमारांचा एक प्रतिनिधी नमुन्याच्या वेळी समक्ष असावा, नमुन्याची वेळ त्या दिवशीच्या तिथी आणि ओहोटीप्रमाणे त्याच्या सांगण्यावरून ठरावी, आणि पंचनाम्यावर त्याची सही असावी. यासाठी नवे महामंडळ लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. खाडीविषयी ज्याला सर्वांत जास्त कळते त्याला कळते, एवढे मान्य करावे लागते.

आणि एक काम आमच्या पेशाचे. चिपळूण, खेड, दापोली, गुहागर या तालुक्यांत महाविद्यालये आहेत, मराठीचे विभाग आहेत, दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या घरी होडी होती किंवा अजून आहे. खाडीच्या वळणांची नावे, जाळ्यांचे प्रकार, पाण्याच्या रंगांचे आणि वासांचे शब्द, कोणत्या तिथीला कोणता मासा कुठे, आणि तो तिथे मिळणे कोणत्या सालापासून थांबले, हे त्यांनी आपल्या आजोबा-आजींकडून लिहून घ्यावे. मराठी विभागाने त्याला बोलीचा अभ्यास म्हणावे. उद्या एखाद्या न्यायालयाने वहिवाटीचा पुरावा मागितला तर तीच वही तिथेही ठेवता येईल. नावनिशीवार, गाववार, सालवार. ‘तुंबाडचे खोत’ आम्ही पुढच्या वर्षीही शिकवू. त्या वेळी ही वही शेजारी असावी, अशी आमची इच्छा आहे.